रेडिओ-नियंत्रित हवाई कसरती : स्पर्धाशैलींचे बदलते प्राबल्य

जमिनीवरून रेडिओ संदेशांनी चालविल्या जाणाऱ्या छोट्या विमानांच्या कसरतींच्या स्पर्धांत तीन शैली मुख्य आहेत : आखीव आकृत्यांची ‘पॅटर्न’ (आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाचा वर्ग एफ३ए), खऱ्या कसरती विमानांच्या प्रतिकृतींची ‘आयमॅक’ आणि संगीतावरील मुक्त शैली. ‘थ्री-डी’ उड्डाण, म्हणजे पंखांची उचल संपल्यावर प्रोपेलरच्या जोरावर केलेल्या कसरती, हा मुक्त शैलीचा आजचा गाभा होय.

एफ३एची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६० मध्ये स्वित्झर्लंडमधील ड्यूबेनडॉर्फ येथे झाली. अमेरिकेचा एड काझमिर्स्की विजेता ठरला. पुढील दोन दशके १० घ.सेंमी.चे इंजिन, आत ओढली जाणारी चाके आणि प्रचंड वेग यांची होती. ऑस्ट्रियाच्या हान्नो प्रेटनरने ज्या ‘क्युरारे’ विमानाने १९७७ चे विजेतेपद मिळविले, ते या पद्धतीचे परिपक्व रूप. तेव्हा प्रत्येक आकृती परीक्षकांसमोर सुटी सादर होई. मधल्या वळणांना गुण नसत. १९८० च्या दशकाच्या मध्यास वळणेही गुणपात्र ठरली व आकृत्या सलग, ठराविक चौकटीत करणे आले. कालांतराने इंजिनाच्या आकारमानाची मर्यादाही उठली. लांबी व पंखविस्तार प्रत्येकी २ मी., वजन ५ किग्रॅ. आणि आवाज यांवरील बंधने तेवढी उरली. वेग आपोआप मागे पडला. हा बदल अभिरुचीचा म्हणून सांगितला जातो. परंतु त्यामागे मैदानांची टंचाई व आवाजाच्या तक्रारी अधिक असाव्यात.

दुसरा प्रवाह लास व्हेगासचा. तेथील ‘सर्कस सर्कस’ या कॅसिनो-हॉटेलचे बिल बेनेट यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’ने खऱ्या विमानांच्या प्रतिकृती व मोठी बक्षिसे यांवर भर दिला. आयमॅकची वाढ याच वातावरणात, साधारणतः सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून झाली. गुणदानातला फरक बोलका आहे : दिशेत १५ अंश चूक झाल्यास एफ३एमध्ये सुमारे एक गुण जातो, आयमॅकमध्ये मात्र दर ५ अंशांना अर्धा, म्हणजे तेवढ्याच चुकीला दीड. बेनेट यांची स्पर्धा २००२ नंतर झाली नाही.

थ्री-डीच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार १९९० च्या दशकात अर्जेंटिनाच्या किके सोमेंझिनी यांच्या मुक्त सादरीकरणांतून ही शैली रूढ झाली. दुसरे मत तिचा मान कर्टिस यंगब्लड यांच्यासारख्या हेलिकॉप्टरचालकांना देते. तिसरे मत खऱ्या विमानांच्या प्रदर्शनांकडे बोट दाखवते, कारण टॉर्क रोल (उभ्या अवस्थेत लटकत स्वतःभोवती फिरणे) तेथे आधीच होत असे. यांपैकी हेलिकॉप्टरचे मत तांत्रिक कसोटीवर अपुरे पडते. हेलिकॉप्टरचे पाते त्याला अधांतरी धरतच असते. विमानाची थ्री-डी मात्र पंखांची उचल संपल्यावर सुरू होते. त्या अवस्थेत प्रोपेलरचे खेचणे वजनाहून जास्त असावे लागते आणि त्याच्या झोतात रडर व एलिव्हेटर (नाक आडवे व उभे वळविणारे शेपटीचे हलते भाग) पुरेसे मोठे असावे लागतात. हलकी चौकट, ताकदवान सर्व्हो (हे भाग हलविणाऱ्या छोट्या मोटरी) व मोठी पेट्रोल इंजिने एकत्र आल्यावरच हे सर्वांच्या आवाक्यात आले. म्हणून एका व्यक्तीला जनकत्व देण्यापेक्षा साधनांच्या प्रगतीला श्रेय देणे योग्य दिसते. टॉर्क रोलमध्ये नाक आकाशाकडे ठेवून विमान प्रोपेलरवर लटकते आणि प्रतिक्रियेने स्वतःभोवती फिरते. पोटाची बाजू चालकाकडे आली की रडर डावीकडे दिल्यास नाक त्याला उजवीकडे जाताना दिसते. कॉकपिटची बाजू आली की पुन्हा सरळ. दर फेरीला बोटांनी दिशा बदलायची ही कसरत विलक्षण कठीण व तितकीच देखणी आहे.

२००० नंतर लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या, ब्रशलेस मोटरी व फोमची विमाने आल्याने थ्री-डी हौशी लोकांत झपाट्याने पसरली. बंदिस्त सभागृहातील एफ३पी हा वर्गही त्यातूनच बळावला. एफ३एमध्येही विजेवरची विमाने सर्रास आली. जुन्या वेगवान पॅटर्नचे चाहते अमेरिकेत ‘सीनियर पॅटर्न असोसिएशन’च्या स्पर्धांत त्या काळच्या रचना आजही उडवतात.