नजर सरावते तेव्हा

"अति झालं की आरशात दिसतंच की!" कॉस्मेटिक सर्जरीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. ओठ सुजल्यासारखे, कपाळावर एक आठी नाही, आणि बघणारा प्रत्येक जण मनात म्हणतो, या बाईंना हे दिसत कसं नाही? त्यांना ते खरोखरच दिसत नाही. यात मूर्खपणाही नाही आणि सोंगही नाही. मेंदूचं कामच तसं चालतं.

शाळेतला तीन भांड्यांचा प्रयोग आठवा. एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात. मिनिटभराने दोन्ही हात कोमट पाण्यात घातले की तेच पाणी एका हाताला गार लागतं आणि दुसऱ्याला गरम. मेंदूचा भर मोजमापावर नसतो, फरकावर असतो. १८३४ मध्ये रॉबर्ट ॲडम्स यांनी स्कॉटलंडमधला एक धबधबा बराच वेळ एकटक पाहिला आणि मग शेजारच्या खडकाकडे नजर वळवली, तर खडक वर सरकताना दिसला!

चेहऱ्यांच्या बाबतीतही असंच होतं, हे मायकेल वेबस्टर आणि ओटो मॅक्लिन यांनी १९९९ मध्ये दाखवलं. संगणकावर आक्रसलेले चेहरे थोडा वेळ पाहिले की त्यानंतर साधा चेहरा फुगलेला वाटतो. मला हा प्रयोग फार आवडतो, म्हणून जरा आत शिरू. असं समजा की मेंदूत पेशींचे दोन गट आहेत. सरासरीपेक्षा भरलेले ओठ दिसले की एक गट जास्त बोलतो, बारीक ओठ दिसले की दुसरा. दोघांचा आवाज सारखा, म्हणजे ओठ 'नेहमीसारखे'. आता रोज भरलेले ओठच दिसू लागले, तर पहिल्या गटाचा आवाज बसतो. तोल ढळतो, आणि कालपर्यंत जास्त वाटलेले ओठ आज 'नेहमीसारखे' होतात. तराजूचा काटा शून्यावरच दिसतो, पण शून्यच सरकलेला असतो.

फिलरच्या, म्हणजे ओठ भरण्यासाठी टोचल्या जाणाऱ्या जेलच्या, बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिसळते. इंजेक्शननंतर ओठांवर सूज येते. नजर त्या सुजेला सरावते, आणि काही दिवसांत सूज उतरली की वाटतं, फिलर विरघळला. प्रत्यक्षात तो आत असतोच. बहुतेक फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचे असतात. हे आपल्या शरीरातही असतं आणि तिथे झपाट्याने मोडून नव्याने बनत राहतं. फिलरमध्ये मात्र त्याच्या साखळ्या एकमेकींना मुद्दाम बांधलेल्या असतात, म्हणून शरीरातल्या विकरांना (एन्झाइमना) त्या लवकर तोडता येत नाहीत. एमआरआयमध्ये काहींच्या चेहऱ्यात तो अनेक वर्षांनीही दिसला आहे. जुन्यावर नवा थर चढतो तो असा.

मला जास्त काळजी वाटते ती डॉक्टरांच्या नजरेची. दिवसभर भरलेले चेहरे पाहणारे डोळेही सरावतातच. त्यावर तोडगा म्हणून कुणी १.६१८ या 'सुवर्ण गुणोत्तरा'चा साचा चेहऱ्यावर ठेवून दाखवू लागलं, तर ते विज्ञान नाही, गणिताचा मुलामा दिलेलं भविष्य आहे. सुंदर चेहरे या आकड्याने ठरतात याला भक्कम पुरावा नाही.

इतरांना न दिसणाऱ्या व्यंगापायी तासन्‌तास आरशासमोर जात असतील, तर गोष्ट वेगळी. तो बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर हा आजार असू शकतो. त्यात शस्त्रक्रियेने सहसा समाधान होत नाही, मानसोपचार आणि औषधांनी मात्र फरक पडतो.

बाकीच्यांसाठी न सरकणारी मोजपट्टी एकच: पहिल्या इंजेक्शनच्या आधीचा फोटो. तोही सेल्फी नको. फूटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक चेहऱ्याच्या मानाने दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. दुसऱ्या कुणाला दीड मीटरवरून, चेहरा सरळ ठेवून काढायला सांगा. पुढच्या प्रत्येक वेळी नवा फोटो त्याच्याशेजारी ठेवा, मागच्या महिन्यातल्या फोटोशेजारी नव्हे.

हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर हायल्युरॉनिडेज या विकराने विरघळवता येतो. तेव्हा मात्र आरशात स्वतःचेच मूळ ओठ उपरे वाटतात, फारच बारीक. त्या दिवशी लगेच पुन्हा भरून घेण्याची घाई करू नये. ओठ पूर्ववत झालेले असतात, नजर अजून परत यायची असते.