स्तंभ शून्यापासूनच का? व्यावसायिक आलेखांची पार्श्वभूमी

समजा, विक्रीचा आकडा ९५ वरून ९८ वर गेला. उभा अक्ष ९४ पासून सुरू केला, तर एक स्तंभ दुसऱ्याच्या चौपट उंच दिसतो. खरी वाढ जेमतेम तीन टक्क्यांची. या चुकीचं खापर हल्ली संगणकावर फोडलं जातं, पण ती संगणकाहून बरीच जुनी आहे.

व्यापाराचे आकडे रेषांनी दाखवण्याची पद्धत विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने रुजवली. तरुणपणी तो जेम्स वॅटकडे आरेखक होता. १७८६ मध्ये त्याने आयात-निर्यातीच्या आलेखांचा संग्रह काढला. त्यातल्या ४४ आलेखांपैकी ४३ काळानुसार होणारे बदल दाखवतात. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे आकडे त्याच्या हाती होते, म्हणून त्याने देशवार आडवे पट्टे काढले. हाच पहिला व्यापारी स्तंभालेख मानला जातो. काळ दिसत नाही म्हणून प्लेफेअरला स्वतःला तो कमी उपयोगाचा वाटला होता! वर्तुळाच्या फोडींनी वाटे दाखवणारा वृत्तालेखही (पाय चार्ट) त्याचाच, १८०१ मधला.

पुढे कंपन्यांचा कारभार वाढला, तसे आलेखही वाढले आणि नियमांची गरज भासू लागली. अमेरिकेत विलार्ड ब्रिंटन या अभियंत्याच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने १९१५ मध्ये शिफारशी मांडल्या. शक्यतो शून्याची रेषा दाखवा. ती मावत नसेल तर अक्ष तोडल्याचं स्पष्ट दिसू द्या. राशी लांबीने दाखवा, क्षेत्रफळाने किंवा घनफळाने नको. लांबीची ही शिफारस मला सर्वांत मोलाची वाटते. दुप्पट विक्रीसाठी पोत्याचं चित्र दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद केलं, तर क्षेत्रफळ चौपट होतं. व्हिएन्नात समाजशास्त्रज्ञ ओटो नॉयराथ यांनी १९२०च्या दशकात यावर सरळ तोडगा काढला: चित्र मोठं करायचं नाही, तेच चित्र पुन्हा पुन्हा मांडायचं.

हे सारं अनुभवातून आलेलं शहाणपण होतं. त्याला प्रयोगांचा आधार १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी दिला. समान मापपट्टीवरची जागा माणूस सर्वांत अचूक ओळखतो. कोन आणि क्षेत्रफळ ओळखताना तो जास्त चुकतो. म्हणून जवळपास सारख्या वाट्यांची तुलना वृत्तालेखात करू नये, स्तंभांत करावी. रेषालेखाला मात्र शून्याची सक्ती मी करणार नाही. तिथे वाचक चढउतार पाहतो. स्तंभाची तर लांबी हाच आकडा असतो.

याच सुमारास लोटस १-२-३ (१९८३) आणि एक्सेल (१९८५) ही संगणकावर आकड्यांचे तक्ते मांडणारी सॉफ्टवेअर आली आणि आरेखकाशिवाय कुणालाही आलेख काढता येऊ लागला. मग त्रिमितीय वृत्तालेखही एका क्लिकवर आला. तो तिरका कलतो, पुढची फोड मोठी भासते आणि तिची जाड कडाही तिच्याच वाट्यात मोजली जाते.