फोबिया: भेव कसं बसतं, कसं उतरतं

फोबिया म्हणजे एखाद्या गोष्टीचं इतकं भेव की धोका नसतानाही छाती धडधडते, घाम फुटतो आणि माणूस त्या वाटेलाच जाणं सोडतो. विदर्भातल्या खेड्यात 'भेव बसलं', 'धसका घेतला' म्हणतात ते हेच. (वावरात कापूस वेचताना सापाला भिणं हा फोबिया नाही, ती अक्कल आहे, खाटेवरचा दोर पाहून किंचाळत पळणं वेगळं.)

पाव्हलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर दाखवलं की खाण्याआधी दरवेळी एकच आवाज ऐकवला तर पुढे नुसत्या आवाजानेच लाळ सुटते. याला अभिजात अभिसंधान म्हणतात, आणि भेवही असंच चिकटतं. पोळ्याच्या गर्दीत दोन वर्षांचं लेकरू सजवलेल्या बैलाजवळ उभं आहे, तेवढ्यात कानाशी फटाका फुटतो. मोठ्या आवाजाला दचकणं जन्मजातच असतं, बैल त्या क्षणापर्यंत नुसता बैल होता, पण दोन्ही एकाच वेळी आले आणि आता बैल दिसला की लेकरू रडतं. कधीकधी एकदाच झालेलंही पुरतं.

१९२० मध्ये अमेरिकेत वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी हे मुद्दाम करून पाहिलं. साधारण ११ महिन्यांच्या अल्बर्टने पांढऱ्या उंदराला हात लावला की मागून लोखंडी दांड्यावर हातोडी हाणायची. असं सात वेळा झालं आणि पोरगं नुसत्या उंदरालाही घाबरायला लागलं, मग सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालासुद्धा. दुधाने तोंड भाजलं की ताकही फुंकून पितात ना, तसंच. भेव घालवायचे कष्ट मात्र त्यांनी घेतलेच नाहीत, जे माझ्या मते सरळ निर्दयपणाचं आहे.

सगळंच स्वतःवर गुदरावं लागतं असंही नाही, आईला पालीला पाहून ओरडताना बघूनही पोरं शिकतात.

आता इतकी वर्षं भेव टिकतं कसं? तर टाळण्यामुळे. बैल दिसला की माय म्हणते, "चाल बाबू, तिकडून जाऊ", लेकराला लगेच हायसं वाटतं, आणि बैल काही करत नाही हे कळायची संधीच जाते.

भेव उतरवायची रीत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये दाखवली. सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या पोराला आवडीचं खायला द्यायचं आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवून हळूहळू जवळ आणायचा. नंतर वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने अंग सैल सोडायचा सराव करून एकेक पायरी चढायची पद्धत बसवली. आपल्याकडे पायऱ्या तयारच आहेत, आधी तान्हा पोळ्याचा लाकडी नंदी, मग दावणीचं वासरू, मग दुरून बैल, मग मालक जवळ असताना पाठीवर हात. लेकराला उचलून थेट बैलाच्या पाठीवर बसवायचं हा आज्याचा उपाय बरेचदा उलटतो, कारण ते जिवाच्या आकांताने रडतं आणि घाईने खाली घेतात, म्हणजे परत पळणंच शिकवलं.

जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्यावर नवं बसतं. म्हणून घरच्या गोठ्यात बैलाला कुरवाळणारं पोरगं बैलबाजारात परत मागे सरकू शकतं, आणि त्यासाठीच सराव गोठ्यात, वावरात, बाजारात, सगळीकडे करवतात.