मोठा चाम्फर: हेड तिरकं करायचं की जॉब?

जॉबचा, म्हणजे कापायच्या तुकड्याचा, कोपरा तिरका कापला की तो चाम्फर. तो दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर विचार करावाच लागत नाही. ९० अंशाचा चाम्फर कटर लावायचा, एक-दोन कट मारायचे आणि मोकळं व्हायचं. ड्रॉइंगवर २० × ४५° दिसलं की मात्र हा कटर उपयोगाचा नाही. एवढी रुंद धार एकदम मालात शिरली की मशीन थरथरतं आणि कापलेल्या तोंडावर (पृष्ठभागावर) लाटा उमटतात. मग उरतात दोन रस्ते. एम१टीआर या मिलिंग मशीनचं हेड, म्हणजे कटर फिरवणारा वरचा भाग, तिरकं करून जॉब सपाट ठेवायचा, किंवा हेड सरळ ठेवून जॉबच तिरका बांधायचा. कोन तोच, एंड मिल (तळाने आणि बाजूनेही कापणारा कटर) तीच, म्हणून दोन्ही एकच असं धरलं जातं. खोली द्यायला हॅन्डलची डायल फिरवायची वेळ आली की जॉब बाद होतो तो इथेच.

आधी आकडे बघू. २० × ४५° म्हणजे मूळ कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर २० मिमी. त्यातून निघणाऱ्या तिरक्या तोंडाची रुंदी २८.२८ मिमी, आणि मूळ कोपऱ्यापासून त्या तोंडापर्यंतची काटकोनातली खोली १४.१४ मिमी. एकाच चाम्फरचे हे तीन आकडे. ड्रॉइंगवर त्यातला एकच लिहिलेला असतो.

जॉब तिरका बांधला की कोपरा वर येतो आणि कटर त्याला वरून चपटा करतो. कोपऱ्याला कटर टेकवून शून्य केलं, की टेबल वर घ्यायचं ते १४.१४ मिमी. इथे कुणी सरळ २० घेतलं तर दोन्ही बाजू २८.२८ येतात, आणि मग ते वेल्डिंगने भरून घेण्याची भाषा सुरू होते.

हेड तिरकं केलं की हिशेब बदलतो. जॉब सपाट आहे, टेबल जॉबच्या उभ्या बाजूला समांतर चढतं, म्हणून कोपऱ्याला टेकवल्यावर टेबल २० वर घेतलं की बाजू बरोबर २० येते. पण त्याच सेटिंगवर क्विल, म्हणजे हेडमधून कटरसकट खाली-वर सरकणारी नळी, खाली आणली तर ती तिरक्या रेषेत उतरते. कटरचा तळ कापत असेल तर क्विलने १४.१४ च द्यायचे. आणि कटरची बाजू कापत असेल तर क्विल कितीही खाली-वर करा, खोली वाढतच नाही. ती फक्त तोंडावरून सरकते. एकाच मशीनवर, एकाच बांधणीत, कुठलं हॅन्डल हातात आहे यावर आकडा ठरतो. थोडं टेबलाने आणि थोडं क्विलने असं मिसळून घेऊ नये. क्विल लॉक करून टाकावी.

दिशेचं भान हेड तिरकं करतानाच लागतं. आपल्याकडच्या बहुतेक एम१टीआरचं हेड डावीकडे-उजवीकडे कलतं. अशा वेळी चाम्फरची कड क्रॉसच्या दिशेत, म्हणजे आपल्याकडून कॉलमकडे (मशीनच्या उभ्या खांबाकडे), लावावी लागते आणि फीडही, म्हणजे कापताना जॉब सरकवणंही, क्रॉसनेच द्यावा लागतो. लांब टेबलाने फीड दिला तर सपाट तोंड येत नाही, कटरच्या गोलाईची पन्हळ पडते. आता क्रॉसची चाल लांब टेबलापेक्षा बरीच कमी असते. म्हणून ‘जॉब लांब आहे ना, मग हेड कलव’ हा शॉपमधला सल्ला अर्धाच खरा. तो हेड पुढे-मागे झुकणाऱ्या मशीनला लागू पडतो, कारण तिथे कड लांब टेबलाच्या दिशेत लावता येते.

कोनाची गल्लत ४५ अंशाला झाकली जाते, कारण तळाने कापा की बाजूने, हेड ४५ वरच येतं. वेल्डिंगसाठी प्लेटची कड मारायला घेतली की ती उघडी पडते. ६० अंशाच्या व्ही-जॉइंटला प्रत्येक प्लेट ३० अंशाने मारायची, आणि हे ३० प्लेटच्या उभ्या कडेपासून मोजलेले असतात. प्लेट सपाट बांधून कटरच्या बाजूने कापायचं असेल तर हेड ३० वर; तळाने कापायचं असेल तर ६० वर. हेड ३० वर ठेवून तळाने कापलं तर दोन प्लेट जोडल्यावर मध्ये १२० अंशाची खाच तयार होते आणि वेल्डर रॉड ओतत बसतो.

हेडच्या अंशपट्टीवर मी भरवसा ठेवत नाही. अर्ध्या अंशाचा फरक डोळ्याला कळत नाही, पण २० च्या चाम्फरला एक बाजू २० आणि दुसरी २०.३५ होते. ४५ अंशाचा ग्राइंड केलेला ठोकळा बांधावा, स्पिंडलला (कटर धरणाऱ्या फिरत्या दांड्याला) डायल, म्हणजे काट्याचं मापक, लावावा आणि क्विल त्या तिरक्या तोंडावरून खाली-वर फिरवून काटा हलत नाही असं बघावं. जॉब तिरका बांधताना हेच काम साइन बार, म्हणजे एका टोकाखाली ठोकळे ठेवून कोन देणारी पट्टी, करतो: १०० मिमीच्या बारखाली ४५ अंशाला ७०.७१ मिमीचे स्लिप (नेमक्या जाडीचे मापाचे ठोकळे), ३० अंशाला ५० मिमीचे. चौकोनी बार असेल तर तेही नको, ९० अंशाच्या व्ही-ब्लॉकमध्ये (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात) ठेवला की तो आपोआप ४५ वर बसतो. नुसत्या व्हाइसच्या जबड्यात कोपऱ्यांवर पकडू नका. जबडे कोपरे चावतात आणि जड कट लागला की जॉब फिरतो.

कट कसे वाटायचे हे मात्र दोन्हीकडे सारखंच. सुरुवातीला कटर टोकालाच लागतो, म्हणून हात सैल सुटतो. खोलीचे तीन समान भाग केले तर शेवटच्या भागात एकूण मालापैकी निम्म्याहून जास्त, साधारण ५६ टक्के, माल निघतो. सुरुवातीला मोठे कट घ्या, पुढे कमी करत जा.

जॉब हातात उचलण्यासारखा असेल तर मी तोच तिरका बांधेन. हेड हलवलं की परत सरळ करून स्पिंडलला डायल लावून टेबलावर गोल फिरवावा लागतो, डाव्या-उजव्या बाजूला काटा ०.०२ च्या आत येईपर्यंत. जड प्लेट, मोठं कास्टिंग असेल तरच हेडच्या बोल्टना पाना लावायचा.

मापताना मूळ कोपरा उरलेला नसतो, त्यामुळे २० ची बाजू व्हर्नियरने थेट नीट मापता येत नाही. बर (कापताना कडेला उरलेली बारीक धार) काढून तिरक्या तोंडाची रुंदी मापा आणि ०.७०७ ने गुणा. २८ भरली तर बाजू अजून १९.८ आहे: जॉब तिरका असेल तर टेबल ०.१४ वर घ्यायचं, हेड तिरकं असेल तर ०.२०.