जस्ताचे आतड्यातील शोषण

अन्नातील जस्त (झिंक) लहान आतड्याच्या अस्तरातून रक्तात जाण्याची क्रिया. प्रौढ माणसाच्या शरीरात जस्त सुमारे २ ते ३ ग्रॅम असते. गरजेला उपसता येईल असा त्याचा वेगळा साठा नसल्याने ते रोजच्या अन्नातून मिळावे लागते.

शोषण मुख्यतः आद्यांत्रात (लहान आतड्याचा जठरालगतचा पहिला भाग) होते की मध्यांत्रात (त्यापुढचा भाग), याबाबत मतभेद आहेत. प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. माणसाच्या आतड्यात द्रावण सोडून केलेल्या मोजणीत मात्र मध्यांत्राचा वेग अधिक आढळला. माणसापुरते हेच मत ग्राह्य धरावे. मोजणीही सोपी नाही. स्वादुपिंडाच्या रसातून शरीरातलेच जस्त आतड्यात उतरते आणि त्यातले काही पुन्हा शोषले जाते. त्यामुळे मलातील जस्त अन्नातले किती आणि शरीरातले किती, हे ओळखायला जस्ताची समस्थानिके (वजनावरून वेगळे ओळखता येणारे जस्ताचेच अणू) वापरावी लागतात.

जस्त आतड्याच्या अस्तराच्या पेशीत कोण नेते, हा वाद १९८० च्या सुमारास रंगला होता. जस्ताला बांधणाऱ्या लहान रेणूंपैकी कुणी पिकोलिनिक अम्लाचे नाव घेई, कुणी सिट्रेटचे. आता पेशीच्या आतड्याकडील कडेला असलेले झिप-४ हे प्रथिन मुख्य वाहक मानले जाते. आहारात जस्त वाढले की हे प्रथिन कडेवरून पेशीच्या आत ओढले जाते. पेशीतील जस्त झेडएनटी-१ हे प्रथिन रक्ताकडे सोडते. पुढे ते अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाला चिकटून यकृताकडे जाते. मेटॅलोथायोनीन हे पेशीतील प्रथिन जस्त पेशीतच अडकवते आणि काही दिवसांत पेशी गळाली की ते मलावाटे जाते. मेटॅलोथायोनीनला काही अभ्यासक शोषणाचा नियंत्रक म्हणतात. जास्तीचे जस्त थोपवणारा साठा म्हणणे अधिक योग्य वाटते.

झिप-४ च्या जनुकातील दोषाने होणारा आनुवंशिक विकार बहुधा बाळाचे अंगावरचे दूध सुटल्यावर उघड होतो. तोंडाभोवती व गुदाभोवती चट्टे येतात, केस गळतात, जुलाब होतात. १९७४ मध्ये जस्ताचा उपचार लागू पडल्याचे प्रसिद्ध झाले. जनुकाची ओळख २००२ मध्ये पटली.

तृणधान्ये व कडधान्ये यांतील फायटेट हे फॉस्फरसयुक्त संयुग जस्ताला घट्ट बांधून ठेवते, म्हणून ते कमी शोषले जाते. नुसत्या शिजवण्याने फायटेट फारसे जात नाही. मुंबईच्या घराघरांत उसळीसाठी मटकी भिजवून, ओल्या फडक्यात बांधून मोड आणतात, तेव्हा दाण्यातले फायटेज हे विकर फायटेट फोडू लागते. इडलीचे पीठ आंबतानाही फायटेट घटते. कोळीवाड्यांत ओहोटीच्या वेळी खडकांवरून फोडून आणलेल्या कालवांत फायटेट नसतेच, आणि जस्ताच्या बाबतीत कालवांची बरोबरी करणारे अन्न नाही.