‘डाउन’ गाडी आणि ‘डाउन करून येणं’

डोंबिवलीत नव्याने राहायला आलेल्या माणसाच्या कानावर ‘डाउन’ दोन अर्थांनी पडतं. रोजचे प्रवासी ते इतक्या सहज वापरतात की फरक समजावून सांगायचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

पहिला अर्थ दिशेचा. मध्य आणि हार्बरवर सीएसएमटीकडे जाणारी गाडी अप, तिथून बाहेर निघणारी डाउन. पश्चिम रेल्वेवर हेच चर्चगेटवरून ठरतं. गाडी स्लो आहे की फास्ट, सकाळची की रात्रीची, याचा इथे काही संबंध नाही.

दुसरा अर्थ जागेचा. ‘मी डाउन करून येतो’ म्हणजे सकाळी मुंबईला जायचं असताना आधी उलट कल्याणला जायचं, तिथे उतरायचं नाही, आणि तीच गाडी अप म्हणून सुटली की बसल्या जागेवरून ऑफिस गाठायचं. मधे स्टेशन एकच, ठाकुर्ली. विरारला जाऊन परत येणारे नालासोपाऱ्याचे लोक याला ‘रिटर्न’ म्हणतात. संध्याकाळी मरीन लाइन्स किंवा मशीदहून असं करायचं तर आधी अप पकडावी लागते, त्यामुळे तिथेही ‘रिटर्न’च म्हटलेलं बरं.

खरी गल्लत सकाळी होते. प्लॅटफॉर्मवर कुणीतरी म्हणतं, ‘कल्याण डाउन लेट आहे.’ नवखा माणूस मनात म्हणतो, असू दे, मला तर अप पकडायचीय. पण कल्याणहून सुटणारी त्याची अप बहुतेक वेळा त्याच रेकची, म्हणजे त्याच डब्यांच्या संचाची असते. रेक कल्याणला पोचणार, मोटरमन आणि गार्ड टोकं बदलणार, मग ती सुटणार. डाउन दहा मिनिटं लेट म्हणजे तुमचीही साधारण तेवढीच गेली. अशा वेळी टिटवाळा, बदलापूर किंवा अंबरनाथहून येणारी गाडी बघावी. बसायला मिळणार नाही, पण लेटमार्क वाचेल.

डाउन करायचं तर गाडी कल्याणला संपणारीच हवी. पुढे कर्जत आणि कसारा अशा दोन वाटा फुटतात. चुकून बदलापूर गाडीत बसलात तर कल्याणला उतरून गर्दीत उभं राहणं आलं, म्हणजे सगळी खटपट वाया. कल्याण गाडीतही दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. रेक परत फिरणार आहे की कारशेडला जाणार? कारशेडची असेल तर सगळ्यांना खाली उतरवतात. आणि परतताना ती स्लो सुटणार की फास्ट? आली स्लो म्हणून जाताना स्लोच असेल असं नाही, आणि तुम्हाला विक्रोळीला उतरायचं असेल तर हे डोंबिवलीतच कळलेलं बरं.

मुरलेला प्रवासी आणखी एक करतो. कल्याणकडे जाताना तो गाडीच्या दिशेला पाठ करून बसतो. गाडी उलटी फिरली की तीच सीट वाऱ्याची होते, आणि मे महिन्यात कुर्ल्यापर्यंत शर्ट कोरडा राहतो. समोर तोंड करून बसलेला नवखा मात्र कल्याणनंतर घामाघूम.

यावरून भांडणं होतात, आणि कल्याणकरांचा राग अगदीच खोटा नाही. गाडी त्यांच्या स्टेशनवरून सुटते आणि खिडक्या मात्र आधीच भरलेल्या. तरी पास कल्याणचा असेल तर डाउन करणाऱ्याला कुणी उठवू शकत नाही. घोळ पासातच असतो. बरेच जण डोंबिवली-सीएसएमटी पासावर डाउन करतात. त्या पासावर डोंबिवली-कल्याण हा तुकडा विनातिकीटच धरतात, आणि टीसीपुढे ‘मी खाली उतरलोच नाही’ हे कारण चालत नाही. रोज डाउन करायचं ठरवलं असेल तर पास कल्याणपासूनचा काढा; एखाद्याच दिवशी करणार असाल तर तेवढ्या टप्प्याचं जायचं-यायचं तिकीट गाडीत चढण्याआधी घ्या.