चिमण्या आणि मोबाइल टॉवर

मोबाइल टॉवरच्या लहरींनी घरचिमणी (शास्त्रीय नाव पॅसर डोमेस्टिकस) मरते आहे आणि ती लवकरच नामशेष होणार, असा एक सर्वदूर पसरलेला समज. शाळकरी निबंधांत, सोसायटीच्या फलकांवर आणि दर २० मार्चला, म्हणजे जागतिक चिमणी दिनी, फिरणाऱ्या संदेशांत तो सिद्ध झालेली गोष्ट म्हणून सांगितला जातो. त्यात तीन विधाने एकत्र बांधलेली आहेत. मोठ्या शहरांतल्या चिमण्या कमी झाल्या, हे खरे. चिमणी नामशेष होत आहे, हे खरे नाही. हे टॉवरमुळे झाले, याचा पुरावा तुटपुंजा आहे.

हा समज इतका घट्ट बसण्याला कारण आहे. मराठी घरात मूल ज्या पक्ष्याला सर्वांत आधी ओळखते तो हा. भरवताना ‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’, झोपवताना काऊचे शेणाचे घर आणि चिऊचे मेणाचे घर. असा पक्षी अंगणातून गेला की ते मनाला लागतेच. भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गच्च्यांवर टॉवर उभे राहिले. नेमक्या त्याच काळात पुण्यातले वाडे आणि मुंबईतल्या जुन्या चाळी पडून इमारती झाल्या. दोन गोष्टी एकदमच घडल्या; डोळ्यांना ठळक दिसला तो टॉवर.

लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्स या बागेतली मोजणी इथे फार मोलाची आहे. १९२५ मध्ये तिथे २,६०३ चिमण्या मोजल्या गेल्या. १९४८ मध्ये ८८५, १९७५ मध्ये ५४४ आणि २००० मध्ये फक्त ८. म्हणजे १९२५ च्या मानाने चार पंचमांश घट मोबाइल सेवा सुरू होण्याआधीच झाली होती. सुरुवातीच्या घटीचे कारण बहुधा घोडागाड्या होत्या: मोटारी आल्या, घोडे गेले आणि त्यांच्या तोबऱ्यांतून रस्त्यावर सांडणारे ओट्सचे दाणेही गेले.

टॉवरच्या बाजूने दिला जाणारा पुरावाही पाहिला पाहिजे. बेल्जियममध्ये १५० ठिकाणी केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लहरींची तीव्रता जास्त तिथे चिमण्यांचे नर कमी, असे आढळले. पण टॉवर उभे राहतात ते दाट वस्तीत आणि दाट वस्तीत झुडपे, कीटक व घरट्यासाठी खोबणीही कमीच असतात. यातले नेमके कारण कोणते, हे अशा मोजणीतून ठरत नाही. टॉवरचा पक्ष्यांवर काय परिणाम होतो, हे तपासायला भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये समिती नेमली. त्यानंतर, जुन्या टॉवरपासून १ किलोमीटरच्या आत नवा टॉवर नको, अशी सूचना निघाली. ती सावधगिरी होती, निकाल नव्हे. प्रश्न विचारणे योग्यच होते; उत्तर हाती येण्याआधीच ते मुलांच्या पुस्तकी ज्ञानात जमा झाले, हे चुकले. खेड्यातल्या एस.टी. स्टँडवर अजूनही पाहता येते: शेजारीच टॉवर आणि फलकामागच्या फटीतून काडी लोंबते आहे, चिमणा चोचीत आणखी एक घेऊन येतो आहे.

शहरातली चिमणी कशाने गेली, हे तिच्या राहणीवरून कळते. मोठी चिमणी दाण्यावर जगते, पण पिलांना पहिले काही दिवस अळ्या, मावा, कोळी असे मऊ खाद्यच लागते. फरशी घातलेल्या आवारात आणि फवारलेल्या शोभेच्या झाडांवर ते मिळत नाही. घरटे ती भोकात, खोबणीत करते: कौलांखाली, वळचणीला, भिंतीवरच्या तसबिरीमागे, मीटरच्या पेटीत. काच आणि सिमेंटच्या सपाट भिंतीत तिला शिरायला जागा नाही. दाणाही आटला. पूर्वी दारात बसून सुपाने धान्य पाखडले जाई, कणी-कोंडा अंगणात पडे; आता निवडलेले धान्य पिशवीत बंद होऊन येते. शिवाय चिमणी लांब जात नाही, जन्मली त्याच्या आसपासच आयुष्य काढते. त्यामुळे एका वस्तीतली चिमणी गेली की ती पोकळी सहज भरून येत नाही.

२०२० च्या ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या अहवालात, हजारो पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून, देशभरातली चिमण्यांची संख्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर असल्याचे दिसले. घट दिसली ती मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूरु आणि हैदराबाद या महानगरांत. कोणत्या प्रजातीला किती धोका आहे, हे सांगणाऱ्या जागतिक यादीतही हा पक्षी संकटग्रस्त नाही. चिमणी दिनाची सुरुवात नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेने २०१० मध्ये केली. त्यातून हजारो घरांत लाकडी पेट्या लागल्या, हे मोठे काम आहे. अशा पेटीचे भोक सुमारे ३२ मिलिमीटर ठेवावे. त्याहून मोठे असले तर साळुंकी शिरते.

अतिशयोक्तीची किंमत दुसरेच पक्षी मोजतात: लक्ष चिमणीकडे जाते, खरोखर संकटात असलेले पक्षी मागे राहतात. पांढऱ्या पाठीचे गिधाड १९९२ ते २००७ या काळात देशात ९९ टक्क्यांहून अधिक घटले. कारण शोधायला वेळ लागला, पण ते नेमके सापडले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर मेले की ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद झाला. माळढोक तर देशात दीडशेच्या आसपास उरला. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळरान त्याच्यासाठी राखले, तिथेही तो आता क्वचितच दिसतो. या वजनदार पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि उडताना तो उच्चदाबाच्या वीजवाहक तारांवर आदळतो. या तारा जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आणि २०२४ मध्ये तो सौम्य केला.